आउटबोर्ड इंजिन तापतंय? पाण्याच्या वाटेने खालून वर शोधत जा

बोट छान पळत असते आणि मधेच इंजिन बीप बीप करायला लागतं, स्पीड आपोआप पडतो, आणि नवीन माणसाला वाटतं की पॉवर कमी पडतेय म्हणून तो थ्रॉटल अजून पुढे ढकलतो. नेमकं हेच करायचं नाही. बऱ्याच आधुनिक इंजिनांत तापमान वाढलं की आतला कॉम्प्युटरच आरपीएम खाली आणतो, ते इंजिन वाचवण्यासाठी असतं, आणि त्याच्याशी झगडलं तर मग पिस्टन आणि सिलेंडरवर ओरखडे, हेड वाकणं, टू-स्ट्रोक असेल तर सरळ जाम होणं, इथपर्यंत मजल जाते.

हा लेख ज्यांनी नुकतंच आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन, हातात घेतलंय त्यांच्यासाठी आहे. इंजिन तापलं की बरेच जण कधी थर्मोस्टॅट बदल, कधी सेन्सर बदल असं करत बसतात. तसं करू नका. पाणी खालून शिरतं आणि वर जाऊन बाहेर पडतं, त्याच क्रमाने बघत गेलात की दोष सापडतो, आणि बहुतेक वेळा तो पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच सापडतो.

अलार्म वाजला, बोट पाण्यात आहे, आत्ता काय?

थ्रॉटल आयडलला आणा, न्यूट्रल करा आणि मागे वळून पिचकारी बघा. पिचकारी म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या भोकातून पाण्याची जी बारीक धार उडत असते ती, पंप पाणी वर आणतोय की नाही हे सांगणारी.

धार नसेल तर इंजिन लगेच बंद. आयडलला ठेवून थंड होईल अशी आशा करू नका, पाणीच येत नसेल तर आयडललाही ते तापतच राहणार. धार व्यवस्थित असेल तर दोन-तीन मिनिटं आयडलला चालू द्या, आत फिरणारं पाणी उष्णता काढून घेतं आणि अलार्म थांबू शकतो. धारेऐवजी वाफ येतेय, रंग जळल्यासारखा वास येतोय, किंवा अलार्म थांबतच नाही, तर बंद.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. बीप म्हणजे दर वेळी तापमानच असेल असं नाही, फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल प्रेशर पडलं तरी अलार्म वाजतो आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची टाकी रिकामी होत आली तरी. कुठला बीप कशाचा ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते घरी असतानाच वाचून ठेवा. पाण्यात असताना कळत नसेल की कशाचा आहे, तर तो ऑइलचा असू शकतो असं धरून इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा.

इंजिन बंद केलंत की बोट वाहायला लागणार हे लक्षात ठेवा, खडक किंवा इतर बोटी जवळ असतील तर आधी नांगर टाका, दुरुस्ती नंतर. मग किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून घ्या म्हणजे कोणी चुकून स्टार्ट मारणार नाही, आणि इंजिन टिल्ट करून वर घ्या. खूप वेळा खाली एक प्लॅस्टिकची पिशवी पाणी आत घेणाऱ्या जाळीला घट्ट चिकटलेली असते, किंवा शेवाळ, दोरीचा तुकडा, मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा. काढला, इंजिन थोडं निवलं, परत चालू केलं, धार आली, काम झालं. टिल्ट करायला जमत नसेल तर इंजिन निवल्यावर चालू करून काही सेकंद रिव्हर्स टाकून बघा, पिशवी कधीकधी आपोआप सुटते.

तापलेल्या इंजिनावर बादलीने थंड पाणी ओतू नका. अ‍ॅल्युमिनियम एकदम आकसलं की हेड वाकू शकतं, तडा जाऊ शकतो. वरचं झाकण काढून ठेवा, हवा लागू द्या, पण आत हात घालू नका.

पाणी फिरतं कसं, हे एकदा डोळ्यासमोर आणा

खालच्या गिअरकेसच्या, म्हणजे प्रोपेलर बसलेल्या भागाच्या, दोन्ही बाजूंना (काही मॉडेलमध्ये नाकाजवळ किंवा प्रोपेलरच्या वरच्या आडव्या प्लेटच्या खाली) जाळीची भोकं असतात, तिथून बाहेरचं पाणी आत शिरतं. त्याच्या वर, गिअरकेसच्या डोक्यावर वॉटर पंप बसलेला असतो, आणि त्यात ड्राइव्ह शाफ्टवर (इंजिनाची ताकद खाली प्रोपेलरकडे नेणाऱ्या उभ्या दांडीवर) रबराचा इम्पेलर फिरतो. तो पाणी एका उभ्या नळीतून वर पॉवरहेडमध्ये, म्हणजे मुख्य इंजिनात, ढकलतो, तिथे ते सिलेंडर आणि एक्झॉस्टच्या भोवतीच्या पोकळ जागांतून फिरतं. वर थर्मोस्टॅट असतो, तो गरम झाला की उघडतो आणि पाणी खाली एक्झॉस्टबरोबर बाहेर पडतं. बऱ्याच इंजिनांत एक प्रेशर व्हॉल्व्हही असतो, जास्त आरपीएमला पंपाचं प्रेशर वाढलं की तो उघडून जास्तीचं पाणी वळवतो.

पिचकारीची धार बऱ्याच इंजिनांत या वाटेवर मधूनच फुटलेली असते. म्हणजे धार जोरात येतेय याचा अर्थ पंप चालतोय एवढाच. थर्मोस्टॅट बंद अडकलाय, पुढची वाट मिठाने बुजलीय, असं असलं तरी धार मस्त उडत राहू शकते. याउलट फक्त धारेचं भोक तुंबलंय आणि इंजिन अगदी थंड आहे असंही होतं. धार बघा, पण तिच्यावरच सगळा निकाल देऊ नका.

पायरी १: जाळी

इंजिन वर घ्या आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या टॉर्च मारून बघा. शेवाळ, शिंपले चिकटलेले, वाळू, रंगाचा जाड थर (हो, गिअरकेस रंगवताना जाळीची भोकं अर्धी बुजवून ठेवलेली मी पाहिलीत). टूथब्रश आणि पातळ तारेने साफ करा. जाळी स्क्रूने निघत असेल तर काढूनच आतलं बघा, कचरा जाळीच्या मागे साठतो. बोट कायम पाण्यात उभी असेल तर हे दर थोड्या दिवसांनी करावंच लागतं.

पायरी २: धारेचं भोक

इंजिन बराच काळ उभं असेल तर या भोकात किडे मातीचं घर करतात, नाहीतर मीठ-वाळूची गाठ बसते. गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी यासाठी सगळ्यात चांगली, वाकते पण आत काही फोडत नाही. ती आत-बाहेर करा. लोखंडी तार जोरात घुसवू नका, आतला पाईप फाटतो किंवा कचरा उलट आत ढकलला जातो.

पक्कं करायचं असेल तर झाकण काढून धारेचा रबरी पाईप आतल्या बाजूने सोडवा आणि इंजिन पाण्यात आयडलला क्षणभर चालवा, पाईपातून जोरात पाणी आलं तर अडथळा फक्त तोंडाशी आहे. फ्लायव्हील आणि बेल्टपासून हात, बाही, गळ्यातलं सगळं लांब ठेवून हे करा.

पायरी ३: इंजिन किती उंच बसलंय

हे नवीन बोट किंवा सेकंडहँड इंजिन बसवलेल्यांनी आधी बघावं. प्रोपेलरच्या वर जी आडवी चपटी प्लेट असते ती साधारण बोटीच्या तळाच्या रेषेत असायला हवी, थोडी वर असली तरी चालते. इंजिन फार वर बसलं असेल, किंवा ट्रिम (इंजिनाचा कल) खूप बाहेर काढून तुम्ही चालवत असाल, किंवा वळणावर आणि लाटांवर, जाळी पाण्याबाहेर येते आणि पंप हवा ओढतो. मग स्पीडला अलार्म, स्पीड कमी केला की अलार्म बंद, आणि किनाऱ्यावर आणून तपासलं तर सगळं ठीक. इंजिनाच्या दांड्याची लांबी बोटीच्या मागच्या फळीच्या उंचीला जुळली पाहिजे, १५ इंचाची फळी तर शॉर्ट शाफ्ट, २० इंचाची तर लाँग. २० इंचाच्या फळीवर शॉर्ट शाफ्ट टांगलं तर पंपाला पाणी मिळणारच नाही, पार्ट कितीही बदला.

पायरी ४: जमिनीवर पाणी लावून चाचणी

जाळीवर दोन रबरी कप बसवायचा क्लिप मिळतो, त्याला बागेचा पाईप लावायचा. क्रम महत्त्वाचा: आधी पाणी सुरू, मग इंजिन. बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. पाण्याशिवाय इंजिन पाच सेकंदही चालवू नका, इम्पेलरला वंगण म्हणून पाणीच असतं, कोरडा फिरला की काही सेकंदांत रबर जळायला लागतं आणि मिनिटभरात संपतो. इंजिन न्यूट्रलला, आयडललाच ठेवा, शक्य असेल तर प्रोपेलर काढून ठेवा, आणि मागे कोणी उभं राहू देऊ नका. जागा उघडी हवी, बंद शेडमध्ये एक्झॉस्टचा धूर जीव घेतो.

या चाचणीत एक फसवणूक होते. नळाचं स्वतःचं प्रेशर असतं, ते दमलेल्या पंपातूनही पाणी वर ढकलतं, त्यामुळे पाईप लावल्यावर धार छान आणि पाण्यात उतरवल्यावर मरगळलेली, असं झालं तर पंपच संशयित आहे. छोट्या इंजिनासाठी पाण्याने भरलेलं पिंप जास्त खरं सांगतं, पाण्याची पातळी त्या आडव्या प्लेटच्या बरीच वर ठेवा. फक्त पिंपातलं पाणी एक्झॉस्टमुळे लवकर गरम होतं आणि त्यात बुडबुडे मिसळतात, म्हणून तिथे धार बघा, तापमानाचा निकाल तिथे देऊ नका.

पायरी ५: इम्पेलर

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तापण्याचं खरं कारण सगळ्यात जास्त वेळा इथेच असतं.

इम्पेलर म्हणजे मधे गोल तुंबा आणि भोवती रबराची पाती. तो एका धातूच्या कपात मध्यापासून थोडा सरकवून बसवलेला असतो, त्यामुळे फिरताना पाती एका बाजूला उघडतात आणि दुसऱ्या बाजूला दुमडतात, आणि त्यातूनच पाणी ओढलं-ढकललं जातं. इंजिन महिनोन्महिने उभं राहिलं की दुमडलेली पाती तशीच वाकडी बसतात. वाळूच्या पाण्यात चालवलं की कडा झिजतात. न वापरलेलाही इम्पेलर वयाने कडक होतो, म्हणून "इंजिन फार चाललंच नाही" हे कारण सांगून बदलायचं टाळू नका. तुमच्या इंजिनाचं वेळापत्रक मॅन्युअलमध्ये असेल ते पाळा, बऱ्याच ठिकाणी वर्ष-दोन वर्षांनी असं असतं, आणि खारं पाणी किंवा उथळ वाळूतलं चालवणं असेल तर मी दर वर्षी बदलतो.

बदलण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा. मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या गिअरमध्ये इंजिन ठेवा, कारण गिअरची दांडी काही मॉडेलमध्ये वरून सोडवावी लागते, काहींत मधे जोड असतो आणि काहींत ती आपोआप निसटते. सोडवण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मग गिअरकेस धरून ठेवणारे बोल्ट. एखादा बोल्ट बऱ्याचदा प्रोपेलरच्या वरच्या छोट्या शेपटीसारख्या ट्रिम टॅबखाली लपलेला असतो, तो टॅब काढण्याआधी त्याची दिशा खुणेने मारून ठेवा, नाहीतर नंतर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. सगळे बोल्ट काढूनही गिअरकेस उतरत नसेल तर पहारीने ठोकायच्या आधी अजून एक बोल्ट राहिलाय का ते शोधा. गिअरकेस जड असतो, मोठ्या इंजिनाला दोघं लागतात.

आता पंपाचं झाकण उघडा. मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा जुन्या मालकाने "पंप नवाच आहे" असं सांगितलेलं होतं, आणि आत सहा पात्यांपैकी तीनच पाती, बाकी तुटून गेलेली. मी नवीन इम्पेलर टाकला, गिअरकेस वर चढवला, धार आली, खूश झालो, आणि दुसऱ्याच फेरीत परत अलार्म. मग सगळं परत खाली. उभ्या नळीत टॉर्च मारला तर वरच्या वाकणाजवळ काळं काहीतरी आडवं अडकलेलं, वाकवलेल्या तारेने ओढून काढलं तर नखाएवढं रबराचं पातं, त्याच्या मागे दुसरं. तिसरं थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली मिळालं, पाणी जिथून वर येतं त्या भोकावर बरोबर झाकणासारखं बसलेलं. तेव्हापासून नियम पक्का: जुन्या इम्पेलरची तुटलेली पाती मोजायची, टेबलावर जुळवून बघायची, आणि एकही तुकडा कमी असेल तोपर्यंत शोधायचं थांबवायचं नाही.

फक्त इम्पेलर बदलून भागत नाही. कप आणि त्याखालची चपटी स्टीलची प्लेट बोटाने चाचपा, नख अडकेल एवढी चर पडली असेल तर तेही बदला, नाहीतर नवीन रबर जुन्या चरीतून पाणी गळू देणार आणि प्रेशर बनणारच नाही. म्हणून पूर्ण किट घेणंच शहाणपणाचं, त्यात इम्पेलर, कप, प्लेट, गॅस्केट, ओ-रिंग, चावी सगळं येतं. चावी म्हणजे इम्पेलरला शाफ्टशी बांधणारा छोटा धातूचा तुकडा, तो विसरलात तर शाफ्ट फिरेल आणि इम्पेलर जागेवर उभा राहील. बसवताना ती पडू नये म्हणून ग्रीसचा ठिपका लावून चिकटवा.

बसवताना पात्यांना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, पहिले काही सेकंद कोरडे जाऊ नयेत म्हणून. इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने शाफ्ट फिरवत (वरून बघितलं तर बहुतेक इंजिनांत घड्याळाच्या काट्याप्रमाणे, तरी मॅन्युअल बघा) कप हळूहळू खाली दाबा, पात्यांची टोकं फिरण्याच्या उलट, मागे झुकलेली दिसली पाहिजेत. बसल्यावर शाफ्ट उलटा फिरवू नका.

गिअरकेस परत चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळायला लागतात: ड्राइव्ह शाफ्टचे दाते, गिअरची दांडी आणि पाण्याची उभी नळी. नवीन माणसाची सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नळी पंपाच्या रबरी बुशात न जाता बाजूने निसटते. सगळं छान बसल्यासारखं वाटतं, बोल्ट लागतात, आणि पाणी मधेच दांड्याच्या पोकळीत सांडत राहतं. बुशाला आतून थोडं ग्रीस लावा, टॉर्चने नळीचं तोंड बघत बघत वर घ्या. शाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस लावा, डोक्यावर नको, तिथे ग्रीस दाबलं गेलं तर शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. दाते जुळत नसतील तर फ्लायव्हील हाताने किंचित योग्य दिशेने फिरवा. शेवटचे काही मिलिमीटर बोल्ट आवळून ओढून आणू नका, हाताने गिअरकेस वरपर्यंत भिडला पाहिजे, भिडत नसेल तर काहीतरी जुळलेलं नाहीये.

पायरी ६: थर्मोस्टॅट

पंप नीट, नळी मोकळी, तरी तापतंय, तर वर या. थर्मोस्टॅट सिलेंडर हेडवर किंवा ब्लॉकच्या वरच्या भागात दोन-तीन बोल्टच्या झाकणाखाली असतो (अगदी छोट्या काही इंजिनांत नसतोही). खाऱ्या पाण्यातल्या इंजिनाचे हे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये गंजून बसतात, जोर लावला की डोकं तुटतं आणि छोटं काम मोठं होतं. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा, पुढे-मागे थोडं थोडं हलवत सोडवा. परत लावताना मरीन ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी सहज निघतील.

काढलेल्या थर्मोस्टॅटवर बऱ्याचदा अंशांचा आकडा कोरलेला असतो, आउटबोर्डमध्ये तो सहसा ५० ते ६० सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे गाडीच्या थर्मोस्टॅटपेक्षा बराच कमी. तपासायचा सोपा मार्ग असा: खोलीच्या तापमानाला तो बंद असतो, त्याच्या झडपेच्या फटीत एक दोरा अडकवा आणि त्या दोऱ्यावर तो भांड्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. पाण्यात थर्मामीटर, खाली गॅस मंद. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. त्या क्षणीचं तापमान कोरलेल्या आकड्याच्या जवळ हवं. मग पाणी थोडं अजून तापवून पूर्ण उघडतो का बघा आणि निवल्यावर पूर्ण बंद होतो का तेही. जेमतेम अर्धा उघडतोय, चिकटतोय, मीठ बसून खडबडीत झालाय, तर सरळ नवीन टाका, गॅस्केटसकट.

"थर्मोस्टॅट काढूनच टाक, कटकट नको" हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देणारच. ऐकू नका. थर्मोस्टॅट नसला की इंजिन कायम गार चालतं, फोर-स्ट्रोकमध्ये पेट्रोल न जळता ऑइलमध्ये उतरतं, प्लग काळे होतात, आणि काही इंजिनांत पाणी जवळच्या वाटेने निघून गेल्यामुळे एखादा सिलेंडर उलट जास्त तापू शकतो.

झाकण उघडलंच आहे तर आत बोट घालून बघा. पांढरा कडक थर, वाळू, रबराचे तुकडे, आणि ज्या इंजिनांत आतमध्ये गंज स्वतःवर घेणारे छोटे धातूचे तुकडे, म्हणजे अ‍ॅनोड असतात तिथे त्यांचा भुगा. अ‍ॅनोड झिजून तुटला की त्याचे तुकडे पाण्याच्या वाटेत अडकतात.

प्रेशर व्हॉल्व्ह असेल तर तोही याच वेळी बघून घ्या, स्प्रिंग तुटलीय का, रबरी सील फाटलंय का, खाली खडा अडकलाय का. उघडा अडकला तर आयडलला पाणी कमी पडून तापतं, बंद अडकला तर जास्त स्पीडला.

पायरी ७: मीठ

खाऱ्या पाण्याचं इंजिन न धुता ठेवलं की आतल्या वाटा हळूहळू अरुंद होतात. हे एका दिवसात दिसत नाही, आधी फुल थ्रॉटलला कधीतरी अलार्म, मग मध्यम स्पीडला, मग नेहमीच. सौम्य थर असेल तर मिळणारं मीठ विरघळवणारं द्रव किंवा पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून, बादलीतून छोट्या पंपाने फ्लश पोर्टमधून (धुण्यासाठी पाईप जोडायच्या तोंडातून) आत फिरवत ठेवतात, खालून गळणारं परत बादलीत घेतात, आणि शेवटी भरपूर गोड्या पाण्याने धुतात. व्हिनेगर आत तसंच सोडून देऊ नका. टाइल्स किंवा संडास साफ करायचं कडक अ‍ॅसिड अजिबात नको, ते मिठाबरोबर अ‍ॅल्युमिनियमही खातं. थर फारच जाड असेल तर हेड किंवा वॉटर जॅकेटचं (पाणी फिरणाऱ्या पोकळ जागांचं) झाकण उघडून खरवडणं एवढाच उपाय उरतो, आणि ते पहिल्यांदा जाणकाराबरोबर बसून करा.

पायरी ८: पाणी ठीक आहे, तरी तापतंय

आता पाण्याबाहेरची कारणं. हेड गॅस्केट फुटलं असेल तर ज्वलनाचा गॅस पाण्याच्या वाटेत घुसतो आणि पाणी मागे सारतो. प्लग काढून बघा, एकच प्लग बाकीच्यांपेक्षा संशयास्पद स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा दिसला तर त्या सिलेंडरमध्ये पाणी जातंय. फोर-स्ट्रोकचं ऑइल दुधी झालं असेल तर त्यात पाणी आहे, ते तसंच ठेवून इंजिन चालवू नका. कॉम्प्रेशन (पिस्टन सिलेंडरमध्ये तयार करतो तो दाब) मोजा, सिलेंडरांमधला फरक साधारण दहा टक्क्यांच्या आत हवा. इंजिन एकदा जोरदार तापून गेलं असेल तर बाकी सगळं नीट झालं तरी ही मोजणी करूनच परत पाण्यात न्या.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल कमी पडणं किंवा कार्ब्युरेटर तुंबून मिश्रण पातळ होणं (हवा जास्त, पेट्रोल कमी) यानेही तापतं. आणि प्रोपेलर इंजिनाला जड पडत असेल, बोट ओव्हरलोड असेल, फुल थ्रॉटलला इंजिन मॅन्युअलमधल्या आरपीएमपर्यंत पोचतच नसेल, तर ते कण्हत चालतं आणि तापतं.

सेन्सर सगळ्यात शेवटी. थंड इंजिनावर चावी फिरवल्या फिरवल्या अलार्म वाजत राहिला तर सेन्सर किंवा त्याची वायर खराब असू शकते. नाहीतर सेन्सरला दोष देण्याआधी हेडचं तापमान स्वतः मोजा. इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो, पाण्यात चालवून इंजिन गरम झाल्यावर थर्मोस्टॅटजवळ हेडवर धरा, आकडा थर्मोस्टॅटवरच्या आकड्याच्या आसपास किंवा थोडा वर हवा. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर चुकीचं दाखवतो, म्हणून काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. व्ही आकाराच्या इंजिनात दोन्ही बाजू मोजा, एक बाजू बरीच जास्त गरम असेल तर त्या बाजूचा थर्मोस्टॅट आधी उघडा.

कधी तापतं यावरून अंदाज

फक्त स्पीडला तापतंय आणि आयडलला ठीक, तर जाळी अर्धवट तुंबलेली, इंजिन उंच बसलेलं, झिजलेला पंप, किंवा आतला मिठाचा थर. फक्त आयडलला तापतंय आणि थोडा थ्रॉटल दिला की ठीक, तर दमलेला इम्पेलर किंवा उघडा अडकलेला प्रेशर व्हॉल्व्ह. चालू केल्यावर काही मिनिटांत कुठल्याही स्पीडला तापतंय आणि धार मात्र जोरात, तर थर्मोस्टॅट. धारच नाही, तर पहिल्या पायरीपासून सुरू करा.

दुरुस्तीनंतरची पहिली फेरी

लगेच लांब जाऊ नका. किनाऱ्याजवळच दहा मिनिटं आयडल, मग मध्यम स्पीडला दहा मिनिटं, मग थोडा वेळ फुल थ्रॉटल, आणि प्रत्येक टप्प्यावर धार बघा, हेड मोजा, आकडे वहीत लिहा. पुढच्या वर्षी "धार आधीपेक्षा बारीक वाटतेय का" हा प्रश्न पडेल तेव्हा हीच वही कामाला येते. वल्ही किंवा छोटं दुसरं इंजिन बरोबर असू द्या.

परत आल्यावर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं धुवा. फ्लश पोर्टला पाईप लावून धुणार असाल तर बऱ्याच मॉडेलमध्ये तेव्हा इंजिन बंदच ठेवायचं असतं, कारण ते पाणी वरून येतं आणि खाली इम्पेलर कोरडा राहू शकतो. जाळीवरच्या कपांनी धुणार असाल तर इंजिन आयडलला चालवून धुवा म्हणजे थर्मोस्टॅट उघडतो आणि गोडं पाणी त्याच्या पलीकडेही पोचतं. मग इंजिन उभं सोडा, आतलं पाणी निथळू द्या.